तीन होड्यांमधलं घर

"मगदूम बाई, तुमची यादी वाचली. सात मुद्दे आहेत, आणि सातांचाही अर्थ एकच, काम हळू करा," विश्वजित सासणे पडद्यावरून म्हणाला आणि कुणी हसतंय का ते बघायला थांबला. दोघं हसले. तिसऱ्यानं कॅमेरा बंदच ठेवला होता.

त्रिशला मगदूम हसली नाही. सांगलीतल्या आपल्या घराच्या माडीवर, खिडकीशी टेबल लावून ती बसली होती. वय चोपन्न, इंजिनिअरिंग कॉलेजातून वेळेआधीच निवृत्त, आणि आवाज इतका हळू की प्रत्येक बैठकीत कुणीतरी "जरा मोठ्यानं" म्हणायचंच.

"हळू करा असं मी कुठं लिहिलंय?" ती म्हणाली. "बरोबर करा एवढंच लिहिलंय."

"बरोबर! आमच्या एकशे वीस होड्या आहेत, बाई. तुमचं बरोबर उत्तर येईपर्यंत माणूस कर्नाटकात पोचलेला असेल."

भांडण ज्या वस्तूवरून चाललं होतं, ती डोळ्यांनी दिसणारी नव्हती. निरनिराळ्या देशांतल्या गणितज्ञांनी मिळून पस्तीस-चाळीस वर्षांपूर्वी भूमितीची एक लायब्ररी, म्हणजे तयार संगणक-आज्ञांचा संच, रचली होती आणि जगाला फुकट वापरायला दिली होती. बिंदू, रेषा, आकार तिच्यापुढे ठेवले की कोण कुणाच्या जवळ, कोण कशाच्या आत, हे ती सांगे. तिचं वैशिष्ट्य असं की ती अंदाज करत नसे. एक तृतीयांश म्हणजे तिच्या लेखी एक तृतीयांशच. शून्य पूर्णांक तेहतीस म्हणून ती कधी वेळ मारून नेत नसे. पण तिची भाषा फार कडक आणि जुनी. आजचं जग पायथन नावाच्या सोप्या संगणक-भाषेत लिहिणारं. म्हणून दोघांच्या मध्ये एक रॅपर होता. कोर्टात दुभाषा उभा असतो ना, तसा. इकडचा प्रश्न तिकडे न्यायचा, तिकडचं उत्तर इकडे आणायचं. हा दुभाषा सोळा वर्षांपूर्वी त्रिशलानं आपल्या विद्यार्थ्यांसाठी लिहिला होता. आता तो अर्ध्या जगात वापरला जात होता, आणि पाच मेंटेनर तो बिनपगारी सांभाळत होते. त्यांतली एक त्रिशला. दुसरा विश्वजित, तिचाच एके काळचा विद्यार्थी आणि आता पुण्याच्या 'वारिदूत' कंपनीचा मालक. उरलेले तिघं तीन देशांत.

वारिदूतच्या होड्यांवर माणूस नसे. मोठ्या पुरानंतर नदीकाठच्या शहरांनी त्या घेतल्या होत्या. पाणी चढू लागलं की होड्या आपापल्या ठरलेल्या खांबाला जाऊन थांबत. मग यंत्रणा शहराची वाटणी करी: जे घर ज्या होडीला सर्वांत जवळ, ते त्या होडीचं. होडी हलली की वाटणी बदले. दर दहा सेकंदांनी नवा नकाशा. ही वाटणी ती जुनी लायब्ररी अचूक करी, पण उत्तर बाहेर आणताना रॅपर ते चेपून आणी, कारण होड्यांवरची स्वस्तातली चिप सातच अंक धरू शके. लाखांच्या घरातले आकडे सात अंकांत बसवले की शेपटाकडचं सगळं गळून जातं. त्यामुळे शेजारच्या दोन होड्यांनी आखलेली एकच हद्द एकमेकींना नीट भिडत नसे. मध्ये फट राही. कुठं चार बोटं, कुठं वीतभर. त्या फटीतली जागा कुठल्याच होडीची नसे.

"एवढ्याशा फटीत कोण सापडणार आहे?" कॅमेरा बंद ठेवलेल्यानं इंग्रजीत विचारलं.

"रानात कुणी सापडणार नाही," त्रिशला म्हणाली. "पण आमचं शहर आखलेलं आहे. खांब सारख्या अंतरावर आहेत. घरं ओळीत आहेत. आणि यंत्रणेला घर म्हणजे एकच बिंदू, दारातला. तीन खांबांच्या बरोबर मध्यावर येणारी घरं मी मोजली. एकट्या सांगलीत एक्केचाळीस आहेत. होड्या हलत्या असल्या तर फटही हलते, कुणाच्या लक्षात येत नाही. होड्या खांबाला थांबलेल्या असल्या की फट तिथंच. आणि फटीत सापडलेल्या घरातून हाक आली तर रॅपर काय उत्तर देतो?"

उत्तर तिनंच दिलं.

"काहीच देत नाही. रिकामं उत्तर पाठवतो. वरच्या यंत्रणेला वाटतं, हाक आलीच नाही."

"ती ओळ कुणी लिहिली, बाई?" विश्वजितनं अगदी गोड आवाजात विचारलं.

"मी."

"कधी?"

"चौदा वर्षं झाली. तेव्हा मुलं ह्यावर फक्त चित्रं काढायची. चित्रात एखादा ठिपका राहिला तरी चालायचं."

"म्हणजे घाण तुमची, आणि झाडू आमच्या हातात. चौदा वर्षं ह्यांना पत्ता नाही, आणि आता माळ ओढायच्या वयात ह्यांना शुद्धीकरण सुचलंय!"

त्रिशलानं कागद सरळ केला. "पहिला मुद्दा, आकडे शेवटपर्यंत चेपायचे नाहीत. दुसरा, मालक सापडला नाही तर रॅपरनं गप्प बसायचं नाही, ओरडायचं, काम थांबवायचं. तिसरा तुझ्या वेगासाठी आहे, विश्वजित. आधी झटपट गणित करायचं, सोबत चूक किती असू शकते तेही काढायचं. उत्तर त्या चुकीच्या आवाक्याबाहेर असेल तर पुढं जायचं. शंका असेल तिथंच फक्त अचूक गणित. शंभरातल्या सत्त्याण्णव प्रश्नांना शंका येतच नाही. मी चालवून बघितलंय."

"आणि चिप? चिप बदलावी लागेल. चिप बदलली की सरकारी परवानगी नव्यानं. सहा आठवडे होड्या बांधून ठेवायच्या, ऐन भाद्रपदात, जेव्हा हल्ली सगळ्यात जास्त कोसळतो. त्या सहा आठवड्यांत जे बुडतील त्यांची नावं तुमच्या यादीत आठवा मुद्दा म्हणून घाला." त्याचा आवाज आता खरोखर चढला होता. "मी उलटा प्रस्ताव देणार आहे. अचूक गणित रॅपरमधून काढूनच टाकायचं. सगळं सात अंकांत. दहा सेकंदांऐवजी एका सेकंदात नकाशा. वेगानं माणसं वाचतात, बाई. तुमच्या सोवळ्यानं नाही."

हे तिला लागलं. त्यात खोटं फार थोडं होतं म्हणून जास्त लागलं. तिनं यादी बाजूला सरकवली आणि म्हणाली, "गेल्या वर्षीच्या पुरात दस्तगीर शिकलगार गेले."

विश्वजितचा चेहरा होता तसाच राहिला, फक्त हसू गेलं. "त्यांचा फोन बंद होता. अहवालात आहे."

"रॅपरच्या नोंदी प्रकल्पाकडे येतात. मी गेल्या आठवड्यात सगळ्या वाचल्या. त्या घरातून एकतीस हाका आल्या. एकतीस वेळा रिकामं उत्तर गेलं."

"आजच्या बैठकीचा हा विषय नाही," तो म्हणाला, आणि पडदा काळा झाला.

प्रकल्पाचा एक नियम होता. कुणीही मेंटेनरनं प्रस्ताव मांडावा. बहात्तर तासांत दुसऱ्या कुणी लेखी हरकत घेतली नाही तर तो संमत. पाचही जणांना आपापले उद्योग, मतदान कुणाला परवडणार? म्हणून गप्प राहणं म्हणजे होकार धरायचा. एक हरकत मात्र पुरे. ती आली की सगळ्यांना बसून बोलावंच लागे. त्रिशलाला घाई नव्हती. विश्वजितनं प्रस्ताव टाकला की ती हरकत लिहिणार होती.

तिचा मुलगा श्रेणिक वारिदूतच्या सांगलीतल्या तळावर नोकरीला होता. एकशे वीसपैकी चाळीस होड्या त्याच्या हाताखाली. मगदुमांच्या घरात जेवण सूर्यास्ताआधी, त्या दिवशी तो धावतपळत आला आणि ताटावर बसताच म्हणाला, "आई, तू साहेबांना शिकलगारांवरून बोललीस?"

"बोलले."

"सगळ्यांसमोर?"

"पाच जण होते."

"मला बाहेर काढतील, कळतंय तुला? त्या रात्री तळावर ड्यूटी माझी होती. अहवालावर सही माझी आहे."

त्रिशलाचा हात भाकरीवर थांबला. हे तिला ठाऊक नव्हतं. "तू बघितलं होतंस, फोन बंद होता म्हणून?"

"पडद्यावर हाक नव्हती. हाक नाही म्हणजे फोन बंद. दुसरं काय लिहिणार होतो मी?" त्यानं आमटीचं भांडं पुढं ओढलं. "तुझ्याच रॅपरनं सांगितलं मला, हाक नाही म्हणून. आणि आता तूच माझ्यावर उलटणार."

"तुझ्यावर नाही रे."

"मग कुणावर? साहेबांवर उलटलीस काय अन् माझ्यावर काय. त्या घरात ते मेले, त्याला एक वर्ष झालं. तू लिहिलंस तर ते उठून बसणार आहेत?"

तो अर्ध्या ताटावरून उठला.

दर भाद्रपदात, त्रयोदशीच्या सूर्योदयापासून तीन दिवस त्रिशला उपवास आणि मौन करी. बावीस वर्षं झाली. नुसतं तोंडाचं मौन नव्हे. लिहायचं नाही, खूण करायची नाही, मान हलवायची नाही. वाचायला मुभा होती. बस्तीत, म्हणजे जैन मंदिरात, जाऊन आर्यिका माताजींसमोर नियम घ्यायचा आणि पौर्णिमा संपून प्रतिपदेचा सूर्य वर आला की सोडायचा. नात्यातल्या सगळ्यांना हे माहीत होतं. त्या तीन दिवसांत तिला कुणी फोनसुद्धा करत नसे.

त्या वर्षीही ती पहाटे बस्तीत गेली, नियम घेतला, सूर्योदय झाल्यावर घरी आली, आणि माडीवर टेबलावरचा पडदा उजळलेला दिसला.

प्रस्ताव क्रमांक एकशे अठरा. मांडणारा, विश्वजित सासणे. अचूक गणित रॅपरमधून काढून टाकणे; रिकाम्या उत्तराची सध्याची पद्धत कायम ठेवणे. हरकत नसल्यास बहात्तर तासांनी संमत, आणि त्याच तासाला सर्व होड्यांवर चढवणे.

वेळ सूर्योदयाआधी वीस मिनिटांची होती. म्हणजे मुदत संपणार होती तिचं मौन सुटण्याच्या वीस मिनिटं आधी.

पंचांग बघून साधलेली वेळ होती ती. विश्वजितकडे पंचांग कुठून असणार? तिनं टेबलाचा खण उघडला. मेंटेनरच्या खात्यात शिरायला लागणारी छोटी किल्ली, अंगठ्याच्या नखाएवढी, ती तिथं ठेवत असे. खणात तपकिरी दोरा तेवढा होता.

"मी घेतलीय," दारातून श्रेणिक म्हणाला.

ती वळली. तो अंघोळ करून, कंपनीचा निळा शर्ट घालून उभा होता. नजर तिच्या खांद्याच्या वर कुठंतरी.

"तुझं व्रत मोडू नये म्हणून घेतली. बावीस वर्षांचा नियम. एका मेलपायी मोडलास तर नंतर तूच रडत बसशील. मी तुला ओळखतो."

ती बघत राहिली.

"साहेबांनी विचारलं, बाईंचे उपवास कधी असतात. मी सांगितलं. त्यात काय लपवायचं? सगळ्या गल्लीला माहीत आहे." थोडं थांबून तो पुढं म्हणाला, "मला काय ठाऊक ते काय करणार होते."

पाण्याचं तांब्या-भांडं तिच्यासमोर होतं. तिनं त्याला हात लावला नाही.

"बरं, होतं ठाऊक! अंदाज होता. असं बघू नकोस. माझं लग्न ठरतंय, आई. ज्या मुलानं माणूस मरताना बघितलं नाही आणि खोटी सही केली, त्याला कोण मुलगी देणार? मी खोटी केलीच नव्हती! पण तू लिहिलंस की ती खोटी होते. काल खरी होती, आज खोटी. तुझ्या एका हरकतीनं. ही कुठली अहिंसा?" त्याचा आवाज फाटला. "बोल ना काहीतरी! नाही बोलणार. तुला बरंय. तुम्हा लोकांना हे मौन म्हणजे फार सोयीचं असतं. समोरचा ओरडतो, तो वाईट ठरतो, आणि तुम्ही बसता देवासारखे."

तो जिना उतरून गेला. मोटारसायकल सुरू होऊन लांब जाईपर्यंत ती उभी होती.

पहिला दिवस गेला. उरलेल्या तिघांपैकी कुणी हरकत लिहील अशी तिला आशा होती. लिहायला मनाई होती, बघायला नव्हती. ती दर प्रहराला पान उघडून बघे. एकानं प्रस्ताव वाचल्याची खूण होती. दुसऱ्यानंही वाचला होता. तिसऱ्यानंही. कुणी काही लिहिलं नव्हतं. सोळा वर्षांत असल्या बाबतींत तिघांनी कधी काही लिहिलंच नव्हतं. बाई बघतील, असं तिघांनाही वाटत होतं, आणि बाई गप्प आहेत म्हणजे ठीकच असणार.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती बस्तीत सामायिकाला बसली. अठ्ठेचाळीस मिनिटं, हलायचं नाही, कुणाविषयी राग नाही, लोभ नाही. बाहेर पाऊस धरून होता. मागच्या ओसरीवर कुणीतरी सांगत होतं, पुलापाशी पस्तीस फूट झालंय, परवापर्यंत गल्ल्यांत येणार. समोर चौरंगावर पांढऱ्या वस्त्रातल्या माताजी डोळे मिटून होत्या. विचारायचं तर त्यांनाच विचारायला हवं होतं: नियम मोडू का? पण विचारायचं म्हणजे तोंड उघडायचं, आणि तोंड उघडलं की विचारायला काही उरत नव्हतं.

परवा पाणी येईल. परवा नवा रॅपर चढेल. एक्केचाळीस घरं. सात अंकांत सगळंच बसवलं तर एक्केचाळीसची किती होतील हे तिनं काढलं होतं. दोनशे सहा. त्यांतल्या एखाद्या दारात कुणीतरी फोन धरून बसेल, आणि तळावर दुसरा कुणी श्रेणिक पडद्याकडे बघून लिहील: हाक नाही. तोही खोटं लिहीत नसेल.

सामायिक संपायला अजून वीस मिनिटं बाकी होती. त्रिशला उठली. बावीस वर्षांत ती सामायिकातून मध्येच उठली नव्हती. बायकांनी डोळे किलकिले करून बघितलं. ती छत्री न घेताच चालू लागली.

श्रेणिक जेवणाच्या सुट्टीत घरी आला होता, स्वयंपाकघरात उभ्याउभ्या पोहे खात होता. ती दारात आली. साडीतून पाणी गळत होतं.

"किल्ली दे," ती म्हणाली.

दोन दिवस पाण्याखेरीज पोटात काही नव्हतं, आवाज खरवडून आल्यासारखा आला. श्रेणिकच्या हातातला चमचा थांबला. लहानपणी ह्या तीन दिवसांत तो पडला, त्याचं डोकं फुटलं, टाके पडले, तरी ती बोलली नव्हती. नुसतं पोटाशी धरून बसली होती.

"आई, तू बोललीस."

"बोलले. त्याचं काय ते माझं मी बघेन. किल्ली दे."

"अजून मुदत—"

"श्रेणिक."

त्यानं खिशातून पाकीट काढलं, पाकिटातून किल्ली. हातावर ठेवली नाही, ओट्यावर ठेवली. "मी ह्या घरात राहणार नाही," तो म्हणाला. "आजच जातो."

"जेवून जा," ती म्हणाली, आणि माडी चढली.

हरकतीचं पहिलं वाक्य लिहायला तिला वेळ लागला नाही. 'रिकाम्या उत्तराची ओळ मी लिहिली. तिच्यामुळे गेल्या वर्षी सांगलीत एक माणूस मेला.' त्याखाली दस्तगीर शिकलगारांच्या घराचं स्थान, तीन होड्यांची स्थानं, एकतीस हाकांच्या वेळा, आणि आकडे कुठं चेपले गेले ते गणित. त्याखाली: 'तळावरच्या माणसाला पडद्यावर हाक दिसली नाही. त्यानं दिसलं ते लिहिलं. तो माझा मुलगा आहे, म्हणून हे वाक्य पुन्हा तपासून घ्यावं.' शेवटी एक तातडीची दुरुस्ती. चिप बदलायला सहा आठवडे लागोत. रिकाम्या उत्तराऐवजी ओरडायला अकरा ओळी पुरत होत्या, आणि परवानगीही लागत नव्हती. रॅपर ओरडला की तळावरचा माणूस जवळची कुठलीही होडी हातानं पाठवू शकत होता.

दहा मिनिटांत विश्वजितचा फोन आला.

"बाई, हे काय आहे? तुम्ही मौनात होता ना!"

"होते. तुला कुणी सांगितलं?"

मग तो जपून बोलू लागला. "हे बघा, अजून कुणी वाचलं नसेल. मागं घ्या. अकरा ओळी मी घेतो, शब्द देतो. पण ते शिकलगारांचं काढा. नाहीतर मला सांगावं लागेल की मूळ चूक कुणाची. पेपरात तुमचा फोटो येईल. त्या प्रेताशेजारी."

"पहिलं वाक्य वाचलंस का?"

तो बहुतेक वाचत असावा.

"तुम्ही वेड्या आहात," शेवटी तो म्हणाला. "मी तुमच्याकडे शिकलो, ह्याची लाज वाटते मला."

"मी तुला आकडे चेपायला शिकवलं, विश्वजित," त्रिशला म्हणाली. "मलाही वाटते."

हरकत आल्यावर उरलेले तिघं झोपेतून उठल्यासारखे लिहू लागले. प्रस्ताव एकशे अठरा थांबला. पाचही जणांनी लेखी होकार दिल्यानं अकरा ओळी बहात्तर तास न थांबता त्याच संध्याकाळी संमत झाल्या. प्रतिपदेच्या दुपारी पाणी गल्ल्यांत शिरलं, आणि तळावरचे पडदे चार वेळा ओरडले. चारही घरांतली माणसं निघाली. त्यातल्या तीन वेळा होडी पाठवणारा हात श्रेणिकचा होता. त्याच आठवड्यात कंपनीनं त्याला काढलं. तो पुण्याला मित्राकडे गेला. फोन उचलत नव्हता.

पाणी उतरल्यावर त्रिशला माताजींपुढे गेली आणि घडलं ते सांगितलं. माताजींनी ऐकून घेतलं.

"मग आता काय ऐकायचंय तुला माझ्याकडून?" त्यांनी विचारलं. "कारण चांगलं होतं, म्हणून नियम मोडलाच नाही?"

"नाही, माताजी."

"मोडला. तीन दिवस पुन्हा करायचे, आणि ह्या वर्षी सामायिक दोनदा." मग जरा वेळानं, "आणि चौदा वर्षं तुझी ती ओळ गप्प बसली, त्याचं कुणापुढे सांगितलंस? पाच जणांपुढे लिहिलंस म्हणे. ज्या घरचा माणूस गेला त्या घरी गेलीस का?"

ती गेली नव्हती. तसं तिच्या मनातही आलं नव्हतं, हे तिला त्या क्षणी कळलं.

जैतुनबी शिकलगार आता भावाच्या घराच्या वरच्या खोलीत राहत होती. दस्तगीर कात्र्या-सुऱ्यांना धार लावत. त्यांचं चाक जिन्याखाली उलटं करून ठेवलेलं होतं. जैतुनबी दारात आली. आत या म्हणाली नाही.

त्रिशलानं उभ्यानंच सांगितलं. रॅपर, फट, रिकामं उत्तर. सोप्या शब्दांत सांगायचा तिचा जन्माचा सराव, तरी दोनदा शब्द अडले.

"म्हंजे फोन चालू हुता," शेवटी जैतुनबी म्हणाली.

"हो."

"मी सगळ्यांस्नी सांगत हुते. मी हितंच हुते, भावाच्या गच्चीवर. त्यांचं छप्पर दिसतंय हितनं. त्यांच्या हातातला उजेड दिसत हुता मला. मला म्हनले, बाई, अहवालात तसं न्हाई."

"अहवाल बदलतोय. माझी चूक आहे असं त्यात येईल." त्रिशलानं हात जोडले. "मी क्षमा मागायला आलेय."

"तुमच्यात एक दिवस असतोय न्हवं माफी मागायचा? आमच्या गल्लीतले चौगुले, उपाध्ये, समदे येत्यात, हात जोडत्यात. मीबी जोडते. पर कशाची मागतोय ते त्यांस्नी ठाऊक नसतंय. म्हणून देता येती." जैतुनबीनं पदर खांद्यावर घट्ट ओढला. "तुमाला ठाऊक हाय. मी न्हाई देणार."

"बरं," त्रिशला म्हणाली. तिनं हात खाली घेतले. जायला वळली, पण एक गोष्ट सांगायची राहिली होती, आणि न सांगणंही लपवल्यासारखं झालं असतं. "नव्या रॅपरमध्ये मी एक चाचणी घातलीय. तुमचं घर, त्या तीन होड्या, तुमच्या मालकांची हाक. सगळं त्या दिवशी होतं तसं. जगात कुणीही त्यात एक अक्षर बदललं तरी आधी ती चाचणी चालते. होडी घराशी पोचली तरच बदल पुढं जातो. नाहीतर नाही."

"कवा चालती?"

"रोज. दिवसातून पाच-सहा वेळा."

"आन् पोचती होडी?"

"दर वेळी पोचते."

जैतुनबीनं चौकटीला हात टेकला. "किती येळात?"

त्रिशलाला उत्तर माहीत होतं. ते न चेपता सांगणं भाग होतं.

"तीन मिनिटं बावन्न सेकंद."

जैतुनबी तिच्याकडे बघत राहिली. मग तिच्या खांद्यावरून पलीकडे, ओळीतल्या चौथ्या छपराकडे.

"साडेपाच तास बसले हुते ते," ती म्हणाली, आणि दार लावून घेतलं.